स्थानिक दूरध्वनीचे दर : बदल कोण करतो आणि कसा?

बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद व संग्रामपूर. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार २५८ असून तिच्यातील सुमारे चार पंचमांश लोक खेड्यांत राहतात. अशा जिल्ह्यात दूरध्वनी ही चैनीची वस्तू नाही. खामगावच्या बाजारातील कापसाचा भाव, पुण्याला कामास गेलेल्या मुलाची खुशाली, बँकेत अनुदान जमा झाल्याचा संदेश, रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेला करावयाचा कॉल, हे सारे त्याच एका साधनावर अवलंबून असते. म्हणून दूरध्वनीचा दर बदलतो तेव्हा त्याचा परिणाम थेट घरखर्चावर होतो.

हा दर ठरवितो कोण? तो वाढविण्यापूर्वी कोणाला विचारावे लागते? वाढ झाल्यावर ग्राहकाला कोणते संरक्षण मिळते? नित्याच्या वापरातील सेवेविषयीच्या या प्रश्नांची उत्तरे पुष्कळांना ठाऊक नसतात. ती समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

जिल्हा वा राज्य नव्हे, केंद्राचा विषय

प्रथम अधिकाराचा प्रश्न. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार व दूरध्वनी हे विषय केंद्र सूचीतील ३१ व्या नोंदीत आहेत. त्यामुळे दूरध्वनीचा दर ठरविण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला वा राज्य शासनाला नाही. विजेची स्थिती वेगळी आहे. वीज हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने महाराष्ट्रातील विजेचे दर १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. अमेरिकेत स्थानिक दूरध्वनी सेवेचे नियमन परंपरेने प्रत्येक राज्याच्या आयोगाकडे आणि आंतरराज्य सेवेचे नियमन संघराज्याच्या आयोगाकडे राहिले आहे. भारताने तसा विभाग केला नाही. येथे गल्लीतल्या कॉलचा आणि दिल्लीच्या कॉलचा दर एकाच केंद्रीय यंत्रणेच्या कक्षेत येतो.

शासकीय नियमांचा काळ

स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके दूरध्वनी सेवा देणारे आणि तिचा दर ठरविणारे शासन एकच होते. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या कलम ७ अन्वये केंद्र शासनाला दर ठरविणारे नियम करण्याचा अधिकार होता. दर बदलावयाचा म्हणजे भारतीय तार नियमांत दुरुस्ती करावयाची, ती राजपत्रात प्रसिद्ध करावयाची आणि संसदेपुढे ठेवावयाची, असा प्रघात होता. ग्राहकाला बदल कळे तो बहुधा वर्तमानपत्रातून किंवा थेट बिलातून.

त्या काळातील बिलाचे दोन भाग असत. पहिला भाग भाड्याचा. कॉल केले वा न केले तरी तो द्यावाच लागे. दुसरा भाग मीटरवर नोंदल्या गेलेल्या कॉलचा. भाडे सर्वत्र सारखे नसे. विनिमय केंद्राच्या क्षमतेनुसार ते कमी-अधिक असे. यामागील विचार सरळ होता. ज्या केंद्रावर शे-दोनशे जोडण्या आहेत, तेथील ग्राहक स्थानिक दराने शे-दोनशे घरांशीच बोलू शकतो. मुंबईचा ग्राहक त्याच दराने लाखो घरांशी बोलतो. म्हणून लहान केंद्राचे भाडे कमी ठेवले जाई.

'स्थानिक' या शब्दाचा अर्थही जिल्ह्याच्या सीमेशी जुळत नव्हता. आकारणीसाठी देशाची विभागणी लघु-अंतर आकारणी क्षेत्रांत करण्यात आली आणि प्रत्येक क्षेत्राला स्वतंत्र क्रमांक मिळाला. बुलढाण्याचा ०७२६२, खामगावचा ०७२६३, चिखलीचा ०७२६४, मलकापूरचा ०७२६७, मेहकरचा ०७२६८. एकाच जिल्ह्यातील ही गावे दूरध्वनीच्या हिशेबात परस्परांना परगावी होती. मेहकरच्या शेतकऱ्याने खामगावच्या अडत्याला कॉल केला, तर तो स्थानिक दराने होत नसे. पुढे ५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी स्थानिक दराची आकारणी लागू झाली, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. दरात प्रत्यक्ष घट न करता केवळ 'स्थानिक' क्षेत्राची व्याख्या बदलूनही ग्राहकाचे बिल बदलते, हे यावरून लक्षात यावे.

दर बदलला की कोणाचे काय होते?

भाडे आणि कॉलचा दर यांतील फरक नीट समजला नाही, तर दरबदलाचा परिणाम कळत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मासिक भाडे २० रुपयांनी वाढविले आणि प्रत्येक कॉलचा दर २० पैशांनी कमी केला. महिन्याला १०० कॉल करणाऱ्याच्या बिलात काहीच फरक पडणार नाही. वाढ २० रुपये आणि बचतही २० रुपये. महिन्याला ५०० कॉल करणाऱ्या व्यापाऱ्याची बचत १०० रुपये होईल आणि भाड्याची वाढ वजा जाता त्याला ८० रुपयांचा लाभ होईल. परंतु महिन्याला अवघे ३० कॉल करणाऱ्या शेतमजूर कुटुंबाची बचत फक्त ६ रुपये होईल आणि त्याचे बिल १४ रुपयांनी वाढेल.

'दर कमी झाले' ही बातमी अशा प्रकारे व्यापाऱ्यापुरती खरी आणि मजुरापुरती खोटी ठरू शकते. दरनियमनातील खरा प्रश्न येथेच आहे. एकूण दर किती, एवढेच पाहून भागत नाही. बदलाचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागते.

स्वतंत्र प्राधिकरणाची स्थापना

१९९० नंतर खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. सेवा देणारा सरकारी विभागच प्रतिस्पर्ध्यांचे दर ठरविणार, ही स्थिती न्याय्य राहिली नसती. म्हणून संसदेने १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण कायदा संमत केला. 'ट्राय' या लघुनावाने हे प्राधिकरण ओळखले जाते. कायद्याच्या कलम ११(२) अन्वये दूरसंचार सेवांचे दर राजपत्रात आदेश प्रसिद्ध करून ठरविण्याचा अधिकार त्याला मिळाला. २००० च्या दुरुस्तीने तंटे सोडविण्याचे काम वेगळे काढून ते दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले.

याच कायद्याच्या कलम ११(४) ने प्राधिकरणावर आपले काम पारदर्शकपणे करण्याचे बंधन घातले आहे. त्यानुसार महत्त्वाचा बदल करावयाचा असल्यास प्राधिकरण प्रथम विचारविनिमयासाठी टिपण प्रसिद्ध करते. त्यावर कंपन्या, ग्राहक संघटना आणि सामान्य नागरिक लेखी मते पाठवू शकतात. नंतर खुली चर्चा होते आणि शेवटी कारणमीमांसेसह आदेश निघतो. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या ग्राहक पंचायतीने पाठविलेले पत्रही या प्रक्रियेत विचारार्थ घेतले जाऊ शकते. पूर्वीच्या पद्धतीत अशी सोय नव्हती.

१९९९ चा दर आदेश

प्राधिकरणाने ९ मार्च १९९९ रोजी दूरसंचार दर आदेश काढला. तोवर स्थानिक सेवा खर्चापेक्षा कमी दराने दिली जाई आणि तिची तूट परगावच्या व परदेशच्या महागड्या कॉलमधून भरून काढली जाई. स्पर्धा सुरू झाल्यावर ही व्यवस्था टिकणार नव्हती, कारण नवी कंपनी फायद्याचे परगावचे कॉल घेणार आणि तोट्याची स्थानिक सेवा सरकारी विभागाकडे ठेवणार. म्हणून परगावचे दर क्रमाक्रमाने उतरविणे आणि भाडे खर्चाच्या जवळ नेणे, असे पुनर्संतुलन आदेशाने आरंभले.

भाडेवाढीचा फटका खेड्यातील आणि अल्प वापर करणाऱ्या ग्राहकाला बसणार, हे उघड होते. त्यामुळे ग्रामीण ग्राहकांसाठी वेगळे आणि सवलतीचे दर ठेवण्यात आले. ग्रामीण सेवेतील तुटीसाठी पुढे दुसरा मार्गही काढण्यात आला. २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला आणि कंपन्यांच्या महसुलातील ठरावीक हिस्सा त्यात जमा होऊ लागला. २०२४ पासून हा निधी 'डिजिटल भारत निधी' या नावाने ओळखला जातो.

ब्रिटननेही असा प्रश्न हाताळला होता. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे खाजगीकरण झाले, तेव्हा दरवाढ महागाईच्या दरातून ३ टक्के वजा करून येईल तेवढ्याच मर्यादेत करावी, असे बंधन तिच्यावर घालण्यात आले. प्रत्येक दर स्वतंत्रपणे मंजूर न करता वाढीला कमाल मर्यादा घालण्याची ही पद्धत होती. भारतातील आदेशातही कमाल मर्यादेचे तत्त्व दिसते. मर्यादेपेक्षा कमी दर आकारण्यास कंपनी मोकळी. जास्त आकारण्यास नाही.

दरमोकळीक म्हणजे मनमानी नव्हे

मोबाइल सेवेत कंपन्यांची संख्या वाढली, तसे दर झपाट्याने उतरले. २००२ पासून प्राधिकरणाने मोबाइलचे दर स्वतः ठरविणे थांबविले आणि ते बाजारावर सोपविले. यालाच दरमोकळीक म्हणता येईल. १ मार्च २००६ रोजी भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी देशभर एक रुपया प्रतिमिनिट दराची योजना आणली आणि स्थानिक व परगाव हा जुना भेद जवळजवळ पुसला गेला.

आज बहुतेक सेवांचे दर कंपन्याच ठरवितात. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये प्रमुख खाजगी मोबाइल कंपन्यांनी लागोपाठ दरवाढ केली. या वाढींना प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागली नाही, हे खरे. तथापि कंपन्यांवर कोणतेच बंधन नाही, हा समज चुकीचा आहे. पुढील नियम ग्राहकाने लक्षात ठेवावेत.

पहिला नियम कळविण्याचा. नवा दर लागू केल्यापासून सात कामकाजी दिवसांत कंपनीने तो प्राधिकरणाला कळविला पाहिजे. दरात भेदभाव नाही आणि प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी तो ठेवलेला नाही, याची तपासणी कंपनीने आधी स्वतः करावयाची असते. नियमांशी विसंगत दर मागे घ्यावयास लावण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे आहे.

दुसरा नियम सहा महिन्यांच्या संरक्षणाचा. ग्राहकाने एखादी दरयोजना स्वीकारली की त्या दिवसापासून सहा महिने तिच्यातील कोणताही दर वाढविता येत नाही. कमी मात्र करता येतो. दीर्घ मुदतीचे पैसे आगाऊ घेतले असतील, तर ती पूर्ण मुदत संरक्षित राहते. मुदतीच्या मध्यावर 'दर वाढला, वरचे पैसे भरा' असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही विक्रेत्याला नाही.

तिसरा नियम मुदतीविषयीचा. २८ दिवसांच्या योजनेला लोक सहजपणे महिन्याची योजना म्हणतात. वर्षात असे २८ दिवस तेरा वेळा येतात. समजा, योजना २०० रुपयांची आहे. तर वर्षाला २,४०० नव्हे, २,६०० रुपये खर्च होतात. दर तोच राहिला, परंतु मुदत आखडली, तर तीही दरवाढच होय. ग्राहकांच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने दर आदेशात दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने ३० दिवस मुदतीची, तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना उपलब्ध ठेवणे तिने बंधनकारक केले.

चौथा नियम केवळ बोलण्यासाठी दूरध्वनी वापरणाऱ्यांच्या हिताचा आहे. साधा मोबाइल बाळगणाऱ्या वृद्ध व्यक्तीला इंटरनेटचा उपयोग नसतो. तरी इंटरनेटसह असलेली योजनाच घ्यावी लागे. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने केवळ कॉल व संदेश यांसाठीची स्वतंत्र योजना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले आणि विशेष योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस झाली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी अशा योजना बाजारात आणल्या. विक्रेत्याने त्या दाखविल्या नाहीत, तरी ग्राहकाने त्या नावाने मागाव्यात.

स्पर्धा जेथे पोहोचत नाही

दरमोकळीकीमागे एक गृहीत आहे. एका कंपनीने दर वाढविले, तर ग्राहक दुसरीकडे जाईल आणि या भीतीने दर आटोक्यात राहतील. २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झालेल्या क्रमांक-स्थानांतराच्या सोयीने हे गृहीत अधिक बळकट केले. क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अनेक ग्राहक भारत संचार निगमकडे वळले, ते याच सोयीमुळे.

परंतु हे गृहीत शेगाव वा खामगाव शहरात जितके खरे, तितके सातपुड्याच्या कुशीतील वस्तीत खरे असेलच असे नाही. जेथे चार कंपन्यांचे मनोरे आहेत, तेथे ग्राहकाला निवड असते. जेथे एकाच कंपनीचा संकेत पोहोचतो, तेथे कंपनी बदलण्याचा हक्क कागदावर राहतो. महाराष्ट्र परिमंडळात पुण्याला आणि डोंगरपायथ्याच्या गावाला योजनेचा दर एकच असतो, हे समाधान खरे. पण त्या दरात मिळणारी सेवा आणि उपलब्ध पर्याय एकसारखे नसतात.

म्हणूनच सर्वत्र मोकळीक दिल्यानंतरही प्राधिकरणाने काही दर आपल्या हाती ठेवले आहेत. ग्रामीण भागातील स्थिर दूरध्वनीचे दर त्यांपैकी एक होय. राष्ट्रीय रोमिंग, क्रमांक-स्थानांतराचे शुल्क आणि भाडेपट्ट्यावरील वाहिन्या यांचाही त्यांत समावेश होतो. जेथे ग्राहकाला निवड नाही तेथे नियमाने संरक्षण द्यावे, हे तत्त्व यातून दिसते. एकाच संकेतावर अवलंबून असलेल्या मोबाइल ग्राहकाचा विचारही याच तत्त्वाने व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. ती मांडण्याचे स्थान म्हणजे प्राधिकरणाची विचारविनिमय प्रक्रिया. तेथे ग्रामीण ग्राहकांचा आवाज जितका अधिक पोहोचेल, तितका त्याचा विचार होण्याची शक्यता वाढेल.

तक्रार कोठे करावी?

चुकीची आकारणी झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. हा क्रमांक नसेल तर पुढची वाट अवघड होते. निवारण समाधानकारक झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयास हवा. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

याखेरीज जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग खुला आहे. २००९ मधील एका निर्णयानंतर दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असा समज रूढ झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ग्राहक आयोगांचा अधिकार कायम असल्याचे स्पष्ट केले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत तक्रार दाखल करण्यासाठी शुल्क लागत नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

जागरूकतेचे मोल

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्याच्या आधारे ही सेवा चालली, त्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत केला. कायदे बदलतात, यंत्रे बदलतात. तारेच्या जागी मनोरे येतात. दरबदलाचे तीन प्रश्न मात्र तेच राहतात. बदल उघडपणे झाला का? ग्राहकाला आधी घेतलेल्या वचनाचे संरक्षण मिळाले का? आणि सर्वांत कमी वापर करणाऱ्यावर सर्वांत जास्त भार पडला का?

पुढच्या वेळी रिचार्ज करताना विक्रेत्याला किमतीबरोबर मुदतीचे दिवस विचारावेत, केवळ कॉलची योजना आहे काय याची चौकशी करावी आणि पावती वा संदेश जपून ठेवावा. गावातील शिकलेल्या तरुणांनी आपल्या घरातील आणि शेजारच्या वृद्धांसाठी एवढे केले, तरी शेकडो रुपयांची बचत होईल. ग्राहकाने विचारल्याखेरीज नियम त्याच्या दारापर्यंत येत नाही. घाटावरच्या आणि घाटाखालच्या प्रत्येक गावात असे विचारणारे ग्राहक वाढले, तर दिल्लीत निघालेल्या आदेशाचा लाभ तेथील शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.